सोयरीक मोडणारी ठमाबाय

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या वर्षांत भाईंदरजवळच्या मुर्धा, राई, नवघर या आमच्या पट्ट्यात कुणाकडे सोयरीक जुळवायला पाहुणे बसले, की घरचं एखादं माणूस मुद्दाम अंगणात उभं करत. ठमाबाय येतेय का ते बघायला. तरी ती यायचीच. तिला कुठून कळायचं देव जाणे. मिठागरावरून थेट आलेली असायची. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्या मिठाने पांढऱ्या झालेल्या, केसांत मात्र फूल. ओटीवर चढायची आणि बसलेल्यांना एवढंच विचारायची,

"पोरगी कोनाची? मामाची का भायेरची?"

बाहेरची म्हटलं, तर मुलीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची, साखर मागून खायची आणि आली तशी निघून जायची. मामाची किंवा आत्याची म्हटलं, की तिथेच फतकल मारायची. मग पाहुण्यांचा चहा थंड होईपर्यंत ती बोलत राहायची आणि कुणी उठवलं तरी उठायची नाही. राईला एका बाईने तिच्या अंगावर कळशीभर पाणी ओतलं होतं. ठमाबायने पदर पिळला आणि म्हणाली, "बरं केलंस, उकडत होतं. तर मी काय सांगत होती?"

तिने किती सोयरिकी मोडल्या हे मला माहीत नाही. न मोडलेल्याच जास्त असतील. पण लोक तिला 'मोडणारी' म्हणूनच ओळखायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

ठमाबाय माझी थोरली जाऊ.

मी लग्न होऊन मुर्ध्याला आले ती वसईकडून. माझे वडील शाळेत शिपाई, त्यामुळे मी चौथीपर्यंत शिकलेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "त्या ठमीच्या हातचं काय खाऊ नको. आन तिची पोर मांडीवर घेऊ नको. तुजी कूस अजून कोरी हाय."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. ठमीचा थोरला मुलगा राघो गेल्या साली गेला. सात वर्षांचा होता. पांढराफटक पडला, नाकातोंडातून रक्त येऊन गेला. आता पाठची मंजी, तिचीही लक्षणं तीच. ठमीच्या पोटातच काहीतरी वाईट आहे. हे सांगताना सासूबाई रडत होत्या. रडणारच, कारण ठमी त्यांची सख्खी भाची. भावाची मुलगी त्यांनीच हौसेने सून करून आणली होती.

सकाळी मी चुलीपाशी बसले होते, तर ठमाबाय आली. कडेवरची मुलगी तिने सरळ माझ्या मांडीत ठेवली.

"धर," म्हणाली, आणि कमरेवर हात देऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मंजी तेव्हा चार वर्षांची होती, पण दिसायची दोनची. अंगावर कॉफी सांडल्यासारखे तपकिरी डाग. उजव्या हाताला अंगठा नव्हताच, आणि डाव्या हाताचा होता तो दोऱ्याला लोंबल्यासारखा. तिने चार बोटांनी माझ्या हिरव्या बांगड्या धरल्या आणि खुळखुळ वाजवायला लागली. मी तिला धरून बसले. सोडून द्यायला मनच होईना.

ठमाबाय मोठ्याने हसली. "चल गो नवी, भाकरी खा."

तेव्हापासून मी तिच्यासाठी 'नवी' झाले. पुढे मला तीन मुलं झाली, तरी ती मला 'ए नवी' म्हणूनच हाक मारायची.

घरी येणाऱ्या प्रत्येकाची ती अशीच परीक्षा घ्यायची, हे मला नंतर कळलं. पाहुणा टेकला, की मंजी त्याच्या मांडीत. ज्याने घेतली, त्याला जे असेल ते खायला. ज्याने अंग चोरलं, त्याला पाणीसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याचा एक मित्र असाच घसा कोरडा घेऊन गेला. हळू बोलणं तर तिला ठाऊकच नव्हतं. मिठागरावर वाऱ्यात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर ओरडून बोलायची सवय, तोच आवाज घरात. सासूबाई म्हणायच्या, "गावाला ऐकू जातं गो." ती म्हणायची, "जाऊ दे. मी काय चोरी करते?"

दोन वर्षांत मंजी फिकी पडायला लागली. राखुंडीने दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. कुठे जराशी आपटली, की तिथे काळानिळा वण उठायचा. अंगणातून ओटीवर चढली तरी धापा टाकायची. सासूबाईंनी ओळखलं. एक दिवस ठमाबाय मिठागरावर गेलेली बघून त्यांनी भगताला बोलावलं. तो चुलीपाशी बसला आणि त्याने विळा निखाऱ्यात खुपसला. पोटावर डाग द्यायचा, म्हणजे आतलं जे काही आहे ते बाहेर पडतं.

मी मागच्या दाराने निघाले ती बांधापर्यंत पळत गेले. ठमाबायने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डोक्यावरची मिठाची पाटी तिथेच टाकली.

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाईंनी मंजीला मांडीवर आडवी धरली होती. विळा लाल झाला होता. ठमाबायने पाण्याची घागर उचलली आणि अख्खी चुलीवर ओतली. घरभर राख आणि वाफ.

"माज्या एका पोराला जाललंत तुमी," ती भगताला म्हणाली. "त्याची जखम मरेपर्यंत भरली न्हाय. वाहत होती. तवा मी गप ऱ्हायली. मना वाटलं, तुमी जानते. आता न्हाय."

"आन पोर मेली तर?" सासूबाई ओरडल्या.

"मेली तर माज्या मांडीवर मरंल आते, ह्याच्या इळ्याखाली न्हाय."

भगत उठला. जाताना म्हणाला, देवाशी वैर बरं नव्हे. ठमाबायने त्याचा ओला विळा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा घेऊन जा. भात कापायला लागंल."

उत्तनहून एक ख्रिस्ती कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन यायची. तिचा जावई मुंबईला पोरांच्या दवाखान्यात झाडूकाम करायचा. टोपली उतरवून तिने मंजीचा हात हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "हिला तिथं ने. तिथला एक डागतर पोरांना ओरडत न्हाय." एवढ्यावर ठमाबायने ठरवलं. भाऊजींना विचारलं तर ते आईकडे बघायला लागले. धर्माभाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, माणूस गरीब. दिवसाकाठी चार शब्द बोलले तर खूप. ठमाबाय त्यांच्या उत्तरासाठी थांबली नाही. मला पाट्या वाचता येत होत्या, म्हणून मला बरोबर घेतलं. भाईंदरहून गाडी धरून आम्ही दोघी जावा मंजीला घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होता, गुजराती वळणाचं मराठी बोलायचा. त्याने आधी मंजीचे हात पाहिले, मग अंगावरचे डाग, आणि मग पुन्हा हात. म्हणाला, हिच्या छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज बघावा लागेल. मंजीने जो आक्रोश केला तो अजून माझ्या कानात आहे. मी तोंड फिरवलं. ठमाबायने फिरवलं नाही. सुई जाताना आणि येताना ती बघत होती आणि मंजीला सांगत होती, "वरड. जोरात वरड. कोनाला घाबरतंस?"

दोन दिवसांनी डॉक्टरने आम्हांला समोर बसवलं. माणसाचं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं, म्हणाला. या मुलीचा मगज सुकत चाललाय. जन्मापासूनचं आहे हे. अंगठे नाहीत तेही त्यातलंच. परदेशात एका घरातल्या भावंडांना असं झाल्याचं त्याने वाचलं होतं, स्वतः मात्र पहिल्यांदाच पाहत होता.

"औसद?" ठमाबायने विचारलं.

"नाही बाई. दुसऱ्याचं रक्त देता येईल. ते संपलं की परत द्यायचं."

"किती दिस?"

"खोटं सांगत नाही. मला माहीत नाही."

मग त्याने विचारलं, "लग्नाआधी नवरा तुमचा कोण लागत होता?"

"आतेभाव."

डॉक्टरने मान हलवली. त्याने सांगितलं ते असं. असा दोष कुणाकुणाच्या रक्तात झोपलेला असतो. त्या माणसाला त्याने काही होत नाही. पण आई आणि बाप दोघांच्यात तोच दोष असला, तर काही मुलांमध्ये तो जागा होतो. नात्यात लग्न केलं, की दोघांकडे तोच दोष असायचा संभव वाढतो. एकट्या आईकडून हे येत नाही.

ठमाबाय पुढे सरकली. "परत बोला."

तो परत बोलला. तिने मला कोपराने ढोसलं. "नवी, तू पन नीट ऐक. घरी माज्यावर कोन इस्वास ठेवनार?" आणि त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं. शेवटी डॉक्टर हसला.

रक्त द्यायला तिने लगेच हात पुढे केला. तपासलं, तर तिचं मंजीला चालणारं नव्हतं. "तुमचं रक्त अगदी चांगलं आहे," डॉक्टर म्हणाला, "पण हिच्या जातीचं नाही. वडलांना घेऊन या." बाहेर आल्यावर ठमाबाय दवाखान्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं, आता रडेल. पण ती म्हणाली, "चांगलं हाय बोलला. ऐकलंस ना?"

आम्ही घरी आलो तर ओटीवर पाहुणे. पाहुणे कसले, ठमाबायचाच बाप. सोबत दोन वडीलधारी माणसं, मध्ये पानसुपारीचं ताट. सासूबाईंनी आम्ही नसताना भावाला बोलावून घेतलं होतं. धर्माला दुसरी करायची. घराण्याला मूल हवं. आणि दुसरी कोण, तर ठमाबायचीच धाकटी बहीण बारकी. चौदा वर्षांची. घरातली मुलगी घरात, म्हणजे बहिणी बहिणी नांदतील.

ठमाबायने हे सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मंजीला खाली ठेवली आणि बापासमोर बसली.

"बाबा, तू आतेचा सख्खा भाव. मी तुजी पोर. माजा नवरा आतेचा पोर. म्हंजे एकाच घरातलं रगत मी आन तो दोघं घेऊन आलो. आता तेच रगत बारकीच्या हातून परत ह्याच घरात घालतंस? तुना अजून एक राघो पायजे? अजून एक मंजी?"

"कोन बोललं तुना हे?"

"डागतर बोलला. नवीला विचार. तिला लिवता-वाचता येतं, ती खोटं नाय बोलनार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डॉक्टरचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई मध्येच उसळल्या, "आमच्या घरात असं कदी झालं न्हाय! हे तुज्या आयशीकडून आलं!"

ठमाबाय वळली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

"आते, तुजा सगल्यात धाकला भाव. लहानपनी गेला तो. आजी मरताना मना सांगून गेली. त्याला आंगठे होते का गो?"

ठमाबायचा बाप बहिणीकडे बघत होता आणि सासूबाई जमिनीकडे. मग म्हातारा हळूच म्हणाला, "नव्हते." त्याने पानसुपारीचं ताट आपल्याकडे ओढलं, रुमालात बांधलं आणि उठला. जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, तर ठमाबायने मान बाजूला केली. "बारकीला नात्याभायेर दे," म्हणाली. "मंग ठेव हात."

भाऊजी इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मंजीला उचललं आणि विचारलं, "दवाखान्यात कधी जायाचं?"

रक्त दिलं की पुरुषाची ताकद जाते, अशी गावात समजूत होती. भाऊजी पहिल्यांदा निघाले तेव्हा लोक दारात येऊन बघत होते, जशी काय अंत्ययात्राच. परत आले ते मंजीला खांद्यावर बसवून. तिचे गाल गुलाबी झाले होते. ठमाबाय गावभर सांगत सुटली, "मिठागरात खाडीचं पानी आलंच न्हाय, तर मीठ कुठून पिकनार? तसं हिच्या हाडात रगत पिकत न्हाय. म्हनून आमी भायेरून भरतो." याहून सोपं मला आजही सांगता येणार नाही. सासूबाई तिच्याशी बोलत नसत. पण भाऊजी दवाखान्यातून आले की त्यांच्या ताटात दोन उकडलेली अंडी असायची, न सांगता ठेवलेली.

मंजी जरा बरी दिसायला लागली, तशी ठमाबायने तिला शाळेत नेली. मास्तर भला माणूस, पण घाबरला. इतर आयांनी त्याला सांगितलं होतं, हे लागट असतं. त्याने मंजीचा हात दाखवून म्हटलं, "बाई, ही पेन्सिल कशी धरणार?"

"मास्तर, हिला आंगठा न्हाय म्हनूनच हिला शिकवा," ठमाबाय म्हणाली. "आमी सगली सरकारात आंगठा लावून येतो. ही काय लावनार? हिला सहीच पायजे."

मास्तरला हसू आवरेना. मंजी शाळेत बसली. पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात पेन्सिल धरून ती एवढाली अक्षरं काढायची, की पाटीवर चारच मावायची. संध्याकाळी ती आईला शिकवायला बसायची आणि चुकलं की आईसारख्याच आवाजात ओरडायची. ठमाबाय आयुष्यात कुणाचं निमूट ऐकत असेल तर ते तेव्हा.

असं तीन-चार वर्षं चाललं. रक्त भरायचं, ते उतरायचं, की पुन्हा भरायचं. मधली अंतरं कमी कमी होत गेली. लढाईचे दिवस आले, तांदूळ मिळेनासा झाला, तरी भाऊजींच्या मुंबईच्या खेपा थांबल्या नाहीत. शेवटी मंजीला ताप भरला तो उतरलाच नाही. ठमाबायच्या मांडीवरच गेली ती, भर दुपारी.

बायका जमल्या. कुणीतरी चांगल्या मनानेच म्हणालं, "सुटली गो बिचारी."

ठमाबायने वर पाहिलं. "सुटली न्हाय," ती म्हणाली. "तिला ऱ्हायचं होतं. काल मना विचारत होती, तिसरीच्या पुस्तकात काय असतं. सुटली असं माज्या घरात कोनी बोलायचं न्हाय."

मग ती रडली. तिचं सगळंच मोठ्या आवाजात असायचं, तसं ते रडणंही. खाडीपलीकडे ऐकू गेलं असेल.

बारकीचं लग्न नवघरला, नात्याबाहेर झालं. त्या लग्नात ठमाबाय घामाघूम होईपर्यंत नाचली. बापाला म्हणाली, "आता ठेव डोक्यावर हात." आणि त्यानंतर ती लोकांच्या ओटीवर जायला लागली. मी एकदा तिला म्हटलं, "बाय, लोक शिव्या देतात. कशाला जातेस?" ती मीठ झाडत होती. म्हणाली, "मना कोनी येऊन सांगितलं असतं, तर मी त्याला शिव्याच दिल्या असत्या. पन ऐकलं असतं."

तिला मी शेवटची पाहिली ती मुंबईला. त्यानंतर माझ्या नवऱ्याची नोकरी पालघरला लागली, आम्ही तिकडे बिऱ्हाड केलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात ती तापाने गेल्याचा निरोप आला.

त्या दिवशी माझ्या धाकट्याचा कान वाहत होता म्हणून मी त्याला त्याच दवाखान्यात नेलं होतं. औषध घेऊन निघाले तर रक्त घेतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर ठमाबाय बसलेली. चोळीची बाही वर सरकवलेली, कोपरावर कापसाचा बोळा, दुसऱ्या हातात केळं. घरी "बाजारला जाते" म्हणून सांगून ती निघायची, ती इथे. मंजी गेल्यावर काही महिन्यांनी तिनेच डॉक्टरला जाऊन विचारलं होतं, माजं चांगलं हाय बोललात ना, मंग कोनाला चालंल ते सांगा. ज्या पोराला चालेल त्याच्यासाठी दवाखाना तिला त्या कोळणीच्या जावयाबरोबर निरोप पाठवायचा.

तिच्या शेजारी एक माणूस उभा होता. शहरातला, कोट घातलेला, कपाळावर घाम. आत त्याचा मुलगा होता. परिचारिका त्याला रक्त द्यायला दोनदा बोलावून गेली होती, पण त्याचे पाय हलत नव्हते. त्याने खालच्या आवाजात ठमाबायला विचारलं, "बाई, फार दुखतं का हो?"

"दुखतं," ठमाबाय म्हणाली. सगळ्या वऱ्हांड्याने वळून पाहिलं. "मंग? पोराला काय सांगनार, दुखत होतं म्हनून न्हाय दिलं?"

त्या माणसाने कोट काढला. कुठे ठेवावा ते त्याला कळेना, तर ठमाबायने तो आपल्या मांडीवर घेतला. तो आत गेला.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. केळ्याचा शेवटचा तुकडा तिने माझ्या मुलाच्या हातात दिला आणि सरकून बाकावर जागा केली.

"ए नवी, उभी काय ऱ्हायलीस? बस. तुजं पन बघून घे, कोनाला चालतंय ते."